घरच्या घरी बायोअ‍ॅक्टिव्ह टेरॅरियम कसं बनवायचं?

काचेच्या बरणीत झाडं लावली, काही दिवसांत बुरशी आली आणि सगळं फेकून दिलं, असं झालंय? बायोअ‍ॅक्टिव्ह टेरॅरियममध्ये साफसफाईचं काम बारीक जीव करतात. स्प्रिंगटेल बुरशी खातात, तर आयसोपॉड म्हणजे कुंडीखाली सापडणारे राखाडी किडे सुकलेली पानं खातात. त्यांच्या विष्ठेतून झाडांना खत मिळतं.

काय लागेल?
झाकणाची मोठी काचेची बरणी, बारीक खडी, मच्छरदाणीचा तुकडा, कोकोपीट, गांडूळखत, सुकी पानं, फिटोनिया किंवा छोटा नेचा.

स्टेप्स
१. तळाशी दोन बोटं खडी टाका. जास्तीचं पाणी तिथे उतरतं, मुळं कुजत नाहीत.
२. वर जाळी अंथरा, म्हणजे माती खाली जाणार नाही.
३. कोकोपीटमध्ये थोडं गांडूळखत मिसळून ३ इंचांचा थर द्या. मिश्रण मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी टपकू नये.
४. झाडं लावा, सुकी पानं पसरा.
५. एक-दोन आठवड्यांनी जीव सोडा. औषध फवारलेल्या बागेतले किडे किंवा पानं नकोत.

हे टाळा
थेट उन्हात ठेवू नका. बंद काच तापते आणि आतले जीव मरतात. रोज पाण्याचा रिमाइंडर लावू नका, काच बघा. सकाळी थोडं बाष्प ठीक आहे. दिवसभर थेंब ओघळत असतील तर झाकण काही तास उघडा. माती कोरडी दिसली तरच स्प्रे मारा. आठवड्यातून एकदा हवा द्या, बाकी काम ते जीव करतील.