तुमचा प्रभाग गैरहजर आहे

हा भाग शेलूच्या घरातून रेकॉर्ड केलाय. मध्येच कर्जत लोकलचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

माझी पहिली नोकरी शाळांसाठी हजेरीचं ॲप बनवणाऱ्या एका कंपनीत होती. मराठी येतं म्हणून मराठीची फाईल माझ्या गळ्यात पडली. पालकांना जाणारा इंग्रजी मेसेज होता, 'युवर वॉर्ड इज ॲबसेंट'. मशीनने त्याचं केलं, 'तुमचा प्रभाग गैरहजर आहे'. वॉर्ड म्हणजे इथे पाल्य, हे मशीनला कळलं नाही आणि मी नीट वाचलं नाही. दोन दिवस पालकांना तेच जात होतं.

तेव्हापासून या दोन सॉफ्टवेअरचा इतिहास चाळतोय. घराणी वेगळीच आहेत. वर्ग सांभाळणाऱ्यांचं मूळ इलिनॉय विद्यापीठातल्या १९६० च्या प्लेटोपर्यंत जातं. पुढे २००२ मध्ये मूडल, २०१४ मध्ये गुगल क्लासरूम, आणि आपल्याकडे २०१५ ची सरल प्रणाली. इथे मूल म्हणजे यादीतली एक ओळ.

दुसऱ्या घराण्यात ओळ असते ती वाक्याची. १९९५ मध्ये ग्नू गेटटेक्स्ट आलं. प्रोग्राममधली वाक्यं वेगळ्या फाईलीत काढायची, भाषांतर करून परत जोडायची. सोय मोठी, पण भाषांतर करणाऱ्याला समोर कोण आहे ते दिसत नाही. 'गैरहजर होता' लिहू की 'होती'? उत्तर हजेरीच्या यादीत असतं, त्याच्या फाईलीत नसतं. (देवनागरी पडद्यावर आणायला पुण्याच्या सीडॅकने घाम गाळला, त्यावर वेगळा भाग करू.)

या दोन्ही याद्या एका माणसाने हाताने जोडल्या. रणजितसिंह डिसले २००९ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत आले. शाळा गोठ्याला लागून. २०२० च्या ग्लोबल टीचर प्राइझच्या माहितीनुसार मुलींची घरची भाषा कन्नड आणि पुस्तकं वेगळ्या भाषेत. त्याच माहितीनुसार डिसले गुरुजी कन्नड शिकले, पुस्तकं भाषांतरित केली, त्यात क्यूआर कोड घातले. मोबाईल धरला की कविता ऐकू येते, व्हिडिओ दिसतो. तिथेच असंही म्हटलंय की कधीकधी दोन टक्क्यांवर येणारी मुलींची हजेरी शंभरावर गेली. आम्ही हजेरी मोजायला ॲप बनवत होतो. त्यांनी हजेरीचं कारण शोधलं.

आणि आमचा कर्जत तालुका? इथल्या वाड्यांवर कातकरी आणि ठाकर मुलं आहेत. आमच्या त्या ॲपमध्ये 'भाषा निवडा' म्हटलं की मराठी, हिंदी, इंग्रजी एवढंच यायचं. मराठी म्हणजे स्थानिक भाषा झालीच, असं आम्ही धरून चाललो होतो. घरी कातकरी बोलणारं पोर पहिलीत येतं, त्याला पुस्तकातलं निम्मं कळत नाही, मग ते यायचं थांबतं. ॲप मात्र ठरल्या वेळी मेसेज पाठवतं, प्रमाण मराठीत. आता 'प्रभाग' नाही, 'पाल्य' असतं. वाडीवर तो शब्द तरी कोण वापरतं?