अमेरिकेचे स्वातंत्र्य आणि तेथील गृहिणी

राज्यक्रांती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे घोडे, तोफा आणि सभा गाजविणारे पुढारी येतात. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचेही तसेच आहे. जॉर्ज वॉशिंग्टनचे नाव शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्या लढ्याचा बराचसा भार तेथील गृहिणींनी उचलला होता. त्याविषयी भगिनींसाठी हे चार शब्द.

त्या काळी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर इंग्रजांच्या तेरा वसाहती होत्या. फ्रेंचांशी झालेल्या युद्धाने इंग्लंड कर्जबाजारी झाले. तेव्हा १७६५ साली वसाहतींतील कागदपत्रांवर स्टँपचा कर बसविण्यात आला. पार्लमेंटात आमचा प्रतिनिधी नाही, मग कर कसला, असे लोक विचारू लागले. तो कर उठला, पण १७६७ साली चहा, काच, कागद, रंग यांवर जकात आली. लोकांनी विलायती मालावर बहिष्कार घातला.

ठराव पुरुषांनी केला. पण तो पाळायचा कोणी? घरचा बाजारहाट आणि शिवणटिपण बायकांच्या हाती. विलायती कापड नको म्हटल्यावर चरखे बाहेर निघाले. गावोगाव बायका एकत्र जमून सूत कातू लागल्या. चहाऐवजी पाल्याचा काढा पिऊ लागल्या. १६ डिसेंबर १७७३ रोजी बोस्टन बंदरात चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या. तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता, जिने पुढे आपल्या देशावर राज्य केले तिचाच! पुढल्या वर्षी ईडन्टन गावच्या ५१ स्त्रियांनी बहिष्काराच्या पत्रकावर उघड सह्या केल्या. लंडनमध्ये त्यांची टवाळी करणारे व्यंगचित्र छापले गेले.

१७७६ च्या मार्चमध्ये अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्स या बाईंनी आपल्या पतीस पत्र लिहिले. पती फिलाडेल्फियात पुढाऱ्यांच्या सभेत, आणि मुले व शेतीवाडी बाईंच्या अंगावर. नवे कायदे कराल तेव्हा बायकांची आठवण ठेवा, नवऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता देऊ नका, असे त्यांनी कळविले. हे वाचून मला हसू आले, असे पतीचे उत्तर आले. हेच जॉन अ‍ॅडम्स पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. ४ जुलैला स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला.

१७८० साली सैनिकांच्या अंगावर धड कपडे नव्हते. फिलाडेल्फियात एस्थर रीड यांच्या पुढाकाराने स्त्रिया घरोघर फिरल्या आणि तीन लाखांहून अधिक कागदी डॉलर जमविले. त्या चलनाची किंमत फार उतरली होती, तरी काम लहान नव्हे. प्रत्येक सैनिकाच्या हाती रोख पैसे द्यावे, असा एस्थरबाईंचा विचार. वॉशिंग्टनने सदरे मागितले. त्याच वर्षी एस्थरबाई वारल्या. मैत्रिणींनी दोन हजारांवर सदरे शिवून दिले. प्रत्येकावर शिवणारीचे नाव होते.

१७८१ साली यॉर्कटाउन येथे इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस शरण आला. तोच पाच वर्षांनी आपल्याकडे गव्हर्नर जनरल म्हणून आला. १७८७ साली नव्या प्रजासत्ताकाची घटना लिहिली गेली. ३९ जणांनी सह्या केल्या, त्यांत एकही स्त्री नव्हती. गुलामांची गुलामीही तशीच राहिली. ती १८६५ साली संपली. एका न्यू जर्सी राज्यात मालमत्ता असलेल्या विधवा व अविवाहित स्त्रिया मत देत. विवाहितेची मालमत्ता नवऱ्याची ठरे, म्हणून तिला मत नसे. तो हक्कही १८०७ साली काढून घेण्यात आला. अमेरिकेच्या घटनेत स्त्रियांचा मताधिकार आला तो १९२० साली.

सूत कातताना, वर्गणी जमविताना बायका हव्या होत्या. कायदे लिहिताना त्या कोणाला आठवल्या नाहीत. मिळालेला हक्कही जाऊ शकतो, हे न्यू जर्सीच्या भगिनींनी अनुभवले. म्हणून कामाच्या वेळी जशी आपली आठवण होते, तशी निर्णयाच्या वेळी होते की नाही, हे आपणच जागरूकपणे पाहिले पाहिजे.