मिशिगनच्या सरोवरातले उपरे मासे

पॅसिफिक महासागरातला सॅमन मिशिगन सरोवरात आला तो सरकारी हुकमाने. वेलँड कालव्यातून शिरलेल्या लॅम्प्रे या रक्तशोषक जीवाने तिथला मूळचा लेक ट्राउट 1950 च्या दशकापर्यंत जवळपास संपवला. खाणारा उरला नाही, तेव्हा अलवाइफ ही छोटी मासळी बेसुमार माजली. 1967 च्या उन्हाळ्यात तिचे सडके ढीग किनाऱ्यांवर साचले.

त्याआधीच, 1966 मध्ये, मिशिगन राज्याचे मत्स्यप्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी ओरेगनच्या अंड्यांतून वाढवलेली कोहो सॅमनची पिल्लं प्लॅट नदीत सोडली होती. पुढच्याच वर्षी चिनूक सॅमनही आला. धाडसी म्हणावा असाच हा जुगार होता, पण तो लागला.

1967 च्या शरदात हौशी मच्छीमारांची झुंबड उडाली. लहानशा होड्या घेऊन लोक थेट मोठ्या पाण्यात घुसले. 23 सप्टेंबरला वादळ आलं आणि प्लॅट उपसागरात सात जण बुडाले.

पुढे होड्या मोठ्या झाल्या, तंत्रही सुधारलं. संथ चालत्या होडीमागे चकाकती आमिषं ओढायची. डाउनरिगर या होडीवरच्या यंत्राच्या तारेला शिशाचा जड गोळा लावून, चिमट्याने अडकवलेली गळाची दोरी थंड, खोल पाण्यात उतरवायची. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते.

होडीत आलेला मासा नेमका कोणता, हे ओळखायला अनुभवी नाखवा आधी जबडा उघडतो. हिरड्या काळ्या असतील तर चिनूक. दातांच्या मुळाशी फिकट असतील आणि ठिपके शेपटीच्या वरच्याच भागावर असतील तर कोहो. स्टीलहेड ट्राउटचं तोंड आतून पांढरं, शेपटीभर ठिपक्यांच्या रांगा. लेक ट्राउटची शेपटी खोल दुभंगलेली, गडद अंगावर फिकट ठिपके.