मीटरमध्ये अडकलेला जुना भाव

गोरेगाव स्टेशनच्या पूर्वेला रिक्षा पकडून आपण आरे कॉलनीत शिरलो की दोन्ही अंगांना झाडी लागते आणि मधूनच शेणाचा वास येतो. शाळांच्या सहली इथे नेहमी येतात. आम्हीही मुलांना घेऊन गेलो आहोत. म्हशी दाखवतो, छोटा काश्मीर दाखवतो, डबे खातो आणि परत येतो. पण ज्या गाडीतून आलो तिच्या इंधनाचा आणि या म्हशींचा काही संबंध आहे, हे सांगायचे मात्र राहून जाते.

स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईतले तबेले भर वस्तीत होते. घाण आणि रोगराई होती, पण दूध गिऱ्हाइकाच्या दारापासून चालत जाण्याच्या अंतरावर निघत असे. दूध आयुक्त दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने 1949 पासून हे तबेले शहराबाहेर, आरेच्या टेकड्यांत हलवले जाऊ लागले. 1951 च्या मार्चमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते वसाहतीचे उद्घाटन झाले. बत्तीस युनिटांत सुमारे सोळा हजार जनावरे राहतील अशी ही योजना होती. शहर स्वच्छ झाले खरे, पण दूध आता फोर्टपासून तीस किलोमीटरवर निघू लागले. ते बाटल्यांत भरून पहाटेच्या आत केंद्रांवर पोचवायचे, तर मोटारगाड्या हव्यातच. त्या काळी तेल स्वस्त होते, त्यामुळे या अंतराची कोणी फारशी चिंता केली नाही.

ती चिंता 1973 मध्ये आली. ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि तेल निर्यात करणाऱ्या देशांनी भाव वाढवले. पिंपाला (एक पिंप म्हणजे सुमारे 159 लिटर) तीन डॉलरच्या आसपास असलेले कच्चे तेल 1974 च्या आरंभी साडेअकरा डॉलरच्या वर गेले. आपण तेव्हा गरजेच्या सुमारे दोन तृतीयांश तेल बाहेरून आणत होतो. सरकारने पेट्रोल आणि रॉकेल महाग केले. निषेध म्हणून अटलबिहारी वाजपेयी त्या नोव्हेंबरात बैलगाडीतून संसदेत गेले.

आता आरेच्या रस्त्यावर दोन वाहने उभी आहेत असे समजू : सरकारी दुधाची मोटार आणि भाड्याची रिक्षा. इंधन महागले तर पहिल्या गाडीचा वाढीव खर्च खात्याच्या हिशेबात पडतो. चालकाचा पगार आहे तेवढाच राहतो. रिक्षावाल्याचे तसे नाही. इंधन तो आज, नव्या भावाने आणि रोख विकत घेतो. भाडे मात्र सरकार ठरवते आणि ते ठरेपर्यंत तो जुन्याच दराने धंदा करतो. ही मधली मुदत, आमच्या मते, इंधन दरवाढीच्या इतिहासातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे.

या मुदतीची एक खूण मुंबईकरांनी वर्षानुवर्षे पाहिली आहे. जुने मीटर यांत्रिक होते. चाकापासून निघालेली केबल फिरे, तिच्यामुळे मीटरमधली दातेरी चाके फिरत आणि आकडा पुढे सरके. किती फेऱ्यांना किती पैसे, हे त्या चाकांच्या दातांच्या प्रमाणातच पक्के केलेले असे. भाडे बदलले की हजारो मीटर उघडून दुरुस्त करणे आले. त्यापेक्षा सोपा उपाय निघाला तो दरपत्रकाचा, म्हणजे ‘टॅरिफ कार्ड’चा. रिक्षाचा मीटर एक रुपया दाखवी आणि कार्ड पाहून आपण 2010 मध्ये अकरा रुपये देत असू. मीटर अंतर मोजत होता आजचे, पण बोलत होता जुन्या भावात. प्रमाण आणि गुणोत्तर शिकवायला याहून चांगले साधन आम्हाला तरी सापडलेले नाही. 2012 च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक मीटर आले, तरी प्रत्येक भाडेवाढीनंतर मीटर जुळवून होईपर्यंत कार्ड पुन्हा डोके वर काढतेच.

मधल्या काळात इंधनही बदलले. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर, समुद्रात, 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या जहाजाला तेल लागले. 1976 पासून बॉम्बे हायचे उत्पादन सुरू झाले. तिथला वायू पुढे नळांतून शहरात आला आणि नव्वदीच्या दशकापासून टॅक्सी-रिक्षांना सीएनजी मिळू लागला. हे झाले मुख्यतः हवा सुधारावी म्हणून. पण आपल्याच समुद्रातला वायू, तेव्हा परदेशातल्या भावांची कटकट मिटली, असेही अनेकांना वाटले.

ते खरे ठरले नाही. 2014 पासून देशी वायूचा भाव अमेरिका, युरोप, कॅनडा आणि रशिया इथल्या भावांच्या सरासरीशी बांधला गेला. तिथे टंचाई झाली आणि 1 एप्रिल 2022 रोजी आपल्या वायूची किंमत दहा लाख ब्रिटिश औष्णिक एककांना 2.90 डॉलरवरून 6.10 डॉलर झाली. राज्याने त्याच दिवशी सीएनजीवरील कर साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला, म्हणून मुंबईत किलोचा दर 60 रुपयांवर उतरला. हा आनंद आठवडाभरही टिकला नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दर 86 झाला. रिक्षाचे किमान भाडे 21 चे 23 रुपये झाले ते 1 ऑक्टोबरला.

रिक्षावाला दिवसाला चार किलो वायू भरतो असे धरा. किलोमागे 26 रुपये, म्हणजे दिवसाला 104 रुपये जास्त. किमान भाड्यावर दोन रुपये वाढले, तर एवढे भरून काढायला अशा 52 फेऱ्या हव्यात. लांबच्या फेरीत थोडे अधिक सुटते, हे खरे. पण ऑक्टोबरपूर्वीच्या महिन्यांत तेही नव्हते, आणि त्या महिन्यांचे पैसे नंतर कोणी भरून देत नाही. 2023 च्या एप्रिलमध्ये सूत्र बदलले. परदेशी वायूऐवजी कच्च्या तेलाच्या भावाच्या दहा टक्के असा हिशेब आला, वर कमाल मर्यादाही घातली गेली आणि मुंबईतला सीएनजी 87 वरून 79 वर आला. म्हणजे गाडीत पेट्रोल नसले तरी कच्च्या तेलाशी नाते आहेच.

सहलीला जाल तेव्हा हा हिशेब वर्गात आधी करून घ्या. मग परतताना एखाद्या रिक्षावाल्या काकांना मुलांनीच विचारावे : रोज किती किलो भरता, आणि मागची दरवाढ झाली तेव्हा भाडे किती दिवसांनी वाढले? उत्तरे आमच्या गृहीतापेक्षा वेगळी आली तर ती आम्हाला जरूर कळवा.