विद्यार्थ्यांचे हात

व्हिएन्ना येथील सार्वजनिक रुग्णालयांत १७८४ मध्यें सूतिकागृह सुरू झालें. गरीब व अविवाहित स्त्रियांना तेथें विनामूल्य आसरा मिळे; मोबदला एवढाच, कीं प्रसूतिशास्त्र शिकणाऱ्यांना त्यांनीं आपली तपासणी करूं द्यावी. हें शिक्षण कोणत्या रीतीनें द्यावयाचें तें तेथील प्राध्यापक ठरवी. अशा एका निर्णयावर किती प्राण अवलंबून असतात, तें पुढील पन्नास-साठ वर्षांत दिसून आलें.

१७८९ पासून १८२२ पर्यंत ही सूत्रें लुकास बोएर याच्या हातीं होतीं. निसर्गाच्या कामांत उगीच ढवळाढवळ करूं नये, हा त्याचा बाणा. शिकवितांना तो प्रेतें वापरीत नसे. विद्यार्थ्यांना कृत्रिम प्रतिकृतीवर हात बसवावा लागे. त्याच्या काळीं बाळंतिणींच्या मृत्यूचें प्रमाण शेंकडा सव्वाच्या आसपास होतें. त्याच्या जागीं योहान क्लाइन आला आणि प्रेतांवरील अभ्यास सुरू झाला. १८२३ सालीं तेंच प्रमाण शेंकडा सातांवर गेलें.

क्लाइनला दोष देणें आज सोपें आहे. परंतु शवविच्छेदन हाच त्या काळीं नव्या वैद्यकाचा पाया होता, आणि व्हिएन्नाची सारी कीर्ति त्यावर उभी होती. जंतूंची कल्पनाहि तेव्हां रूढ नव्हती.

१८४० मध्यें सोयीसाठीं एक वांटणी झाली: पहिला विभाग वैद्यकीय विद्यार्थ्यांना, दुसरा सुईणींना. सुईणी प्रेतांना शिवत नसत. १८४६ सालीं पहिल्या विभागांत शेंकडा ११.४ बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यांत २.८. विद्वानांच्या आधीं हें शहरांतील बायकांना कळलें होतें. पहिल्या विभागाची पाळी असलेल्या दिवशीं येणाऱ्या स्त्रिया दुसरीकडे पाठवा म्हणून हात जोडीत. चौकशी-समितीनें खापर फोडलें तें परदेशी विद्यार्थ्यांच्या धसमुसळ्या तपासणीवर! विद्यार्थ्यांची संख्या ४२ वरून २० वर आणली गेली. कांहीं महिने मृत्यु घटले. पण १८४७ च्या एप्रिलांत ते पुन्हा शेंकडा १८ वर गेले. समितीचा संशय अर्धा खरा होता. दोष हातांचाच होता, पण धसमुसळेपणाचा नव्हे.

विद्यार्थ्यांना खाटेशीं उभें राहून शिकविण्याचें काम त्या सुमारास इग्नाझ झेमेलवाइस या हंगेरीकडील तरुण साहाय्यकाकडे होतें. रोज सकाळीं स्वतः शवविच्छेदन करून मगच तो बाळंतिणींकडे वळे. मार्च १८४७ मध्यें त्याचे स्नेही प्राध्यापक कोलेच्का यांना शवविच्छेदनाच्या वेळीं एका विद्यार्थ्याची सुरी लागली व त्यांत त्यांचा अंत झाला. त्यांच्या प्रेतांत सूतिकाज्वराच्याच खुणा आढळल्या. पुरुषाला सूतिकाज्वर? तेव्हां शवांतील विष हातांवाटे बाळंतिणींपर्यंत पोंचतें, हें उघड झालें. मेच्या मध्यापासून दाराशीं क्लोरीनच्या पाण्याचें, पुढें ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचें, भांडें ठेवलें गेलें. हात धुतल्यावांचून कोणास आंत प्रवेश नाहीं. विद्यार्थ्यांना हा जाच वाटे. ऑक्टोबरांत गर्भाशयाच्या कर्करोगाची एक स्त्री रांगेंत पहिली होती. तिच्यानंतर तपासलेल्या बारांपैकीं अकरा दगावल्या. त्यावरून शव तेवढें टाळून भागत नाहीं, प्रत्येक तपासणीपूर्वीं हात धुतलेच पाहिजेत, असा नियम झाला. १८४८ सालीं पहिल्या विभागांतील प्रमाण १.२७ होतें, दुसऱ्यांतील १.३३.

तरीहि मार्च १८४९ मध्यें त्याची मुदत वाढविली गेली नाहीं. ती जागा कार्ल ब्राउन यास मिळाली. झेमेलवाइसचा स्वभाव तापट, लेखनाचा कंटाळा, आणि क्लाइनशीं पटत नव्हतें. ग्रंथ निघावयास १८६१ साल उजाडलें. त्यांत त्यानें इतर प्राध्यापकांवर कडक दोषारोप केले. पण मृत्यूंचा हिशेब मांडतांना स्वतःस वगळलें नाहीं. त्याच्याइतकीं प्रेतें हाताळलेला प्रसूतिवैद्य क्वचितच दुसरा असेल, हें त्यानें स्वतःच लिहून ठेविलें आहे.