दफिन्याची संहिता

नाण्यांच्या व्यवहारातील फसवणूक म्हटली की बनावट नाणे डोळ्यांपुढे येते. शिवराई होनासारख्या दुर्मीळ नाण्याची नक्कल अस्सल म्हणून खपवली जाते आणि घेणाऱ्याचे पैसे बुडतात. परंतु अस्सल नाण्याच्या चोख व्यवहारातही एक फसवणूक संभवते. तिच्यात विकणारा आणि घेणारा दोघेही समाधानी असतात; तोटा होतो तो इतिहासाचा. येथे आम्हाला विचार करावयाचा आहे तो या दुसऱ्या फसवणुकीचा.

१९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे सुमारे १३,२५० चांदीच्या नाण्यांचा दफिना सापडला. नाणी क्षहरात राजा नहपानाची. मात्र त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. गौतमीपुत्राने क्षहरातांचा उच्छेद केला, असे नाशिकच्या लेण्यातील बलश्रीचा लेख सांगतो. पण तो लेख म्हणजे आईने केलेली पुत्राची प्रशस्ती. प्रशस्तीवर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला नवा नाही. जोगलटेंभीच्या नाण्यांनी त्या शब्दांना साक्ष दिली, आणि ती देता आली याचे कारण दफिना एकत्र पाहिला गेला. एखादेच पुनर्मुद्रित नाणे कुतूहलाचा विषय ठरले असते. हजारो नाण्यांतून जेत्याचे धोरण दिसते. शिवाय मध्ये दुसऱ्या कोणा राजाचे नाणे नाही, हाही पुरावाच. आणि जे नाही त्याचा पुरावा सुट्या नाण्यातून कधीच मिळत नाही.

विदर्भातले उदाहरण तऱ्हाळ्याचे. १९३९ साली तेथे सातवाहनांच्या सुमारे दीड हजार पोटीन नाण्यांचा दफिना मिळाला. नागपूरचे संस्कृत पंडित वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी पुराणांच्या वंशावळींत न आढळणारी नावे उजेडात आली. पोटीन ही हलकी मिश्रधातू. मुशीत घातली असती तर हाती काय लागले असते? चार दिडक्यांची धातू, आणि काही राजे कायमचे बेपत्ता.

येथेच कायद्याचा एक दोष लक्षात येतो. १८७८ चा निखात निधी अधिनियम सांगतो की दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. न कळवणे हा गुन्हा आहे. परंतु शासनाने निधी स्वतःकडे घेतला तर भरपाई ठरते ती धातूच्या मोलावर, त्यात एक पंचमांश भर घालून. सोन्याच्या बाबतीत हे कदाचित ठीक. तऱ्हाळ्यासारख्या नाण्यांच्या बाबतीत मात्र प्रामाणिक शेतकऱ्याच्या पदरात जवळजवळ काहीच पडत नाही. व्यापारी रोख पैसे देतो आणि प्रश्न विचारत नाही. मग दोष एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारणे आम्हाला न्याय्य वाटत नाही.

जवाहरनगर म्हटले की आयुध निर्माणीची वसाहत आठवते. त्याच भंडारा जिल्ह्यात वैनगंगेकाठी पवनी आहे. तेथे १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी संयुक्त उत्खनन करून प्राचीन स्तूपांचे अवशेष उजेडात आणले. उत्खननात वस्तू कोणत्या थरात मिळाली याची नोंद होते. नांगराच्या फाळाला लागून बाजारात गेलेल्या नाण्याला थर उरत नाही, गाव उरत नाही, सोबती उरत नाहीत. वाक्यातून उपटलेल्या शब्दासारखी त्याची गत होते: अर्थाचे तर्क करता येतात, अन्वय लागत नाही.

१९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेष ठरवले, विक्रीच्या व्यवसायाला परवाना आणला, खासगी निर्यात बंद केली. तरीही सचोटीचा मोठा भाग कायद्याबाहेरच राहतो. नाणे कोठून आले हे सांगणे, दफिना फोडण्यापूर्वी अभ्यासकाला दाखवणे, वजने व छायाचित्रे नोंदवणे, नक्कल असल्यास तसे म्हणणे, एवढे व्यापाऱ्याला सहज करता येईल, आणि 'कोठले?' हा प्रश्न संग्राहकाला विचारता येईल. खासगी संग्राहक म्हणजे शत्रू नव्हे. पंडित भगवानलाल इंद्रजी स्वतः नाणी जमवीत, आणि त्यांच्या संग्रहाने क्षत्रपांच्या अभ्यासाला आधार दिला. जमवणे आणि जाणणे त्यांच्या ठायी एकच होते. ते वेगळे झाले की उरते ती केवळ खरेदी.