शाखा, विषय किंवा कॉलेज बदलताना : मुरुड परिसरातील पदवी विद्यार्थ्यांसाठी माहिती

बारावीनंतर नीट किंवा सीईटीची तयारी करताना हाताशी एक प्रवेश असावा, म्हणून लातूर-मुरुड भागातील बरीच मुले-मुली बी.एस्सी.ला किंवा बी.ए.ला नाव घालतात. पुढे मन बदलते, दुसरीकडे नंबर लागतो किंवा विषय झेपत नाही. मग कोणालाही न सांगता कॉलेजला जाणे बंद होते. वर्षभराने दुसरीकडे प्रवेश घ्यायला गेल्यावर टी.सी., शिष्यवृत्ती आणि जुन्या परीक्षा असे सगळेच अडकते. अभ्यासक्रम बदलायला आज पूर्वीपेक्षा जास्त वाव आहे, पण तो लेखी अर्ज करून आणि मुदतीत घेतला तरच उपयोगाचा. आपल्या समाजातील पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना ही माहिती घरातून मिळत नाही, म्हणून ती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

त्याच कॉलेजात विषय बदलणे

राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. यात मुख्य विषय, दुय्यम विषय, खुला वैकल्पिक विषय आणि कौशल्याचे विषय अशी रचना आहे. यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार दुसऱ्या सत्राच्या शेवटी त्याच ज्ञानशाखेतला मुख्य विषय बदलण्याची संधी द्यायची आहे. मात्र तो विषय कॉलेजात शिकवला जातो का आणि जागा आहे का, हे आधी विचारा.

वैकल्पिक विषय बदलायचा असेल किंवा दोन तासिका एकाच वेळी येत असतील, तर सत्राच्या सुरुवातीलाच प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या. परीक्षा अर्जात ज्या विषयाचा कोड जातो त्याच विषयाची परीक्षा द्यावी लागते. त्यामुळे अर्ज भरल्यावर त्याची प्रत नीट वाचा.

मध्येच थांबावे लागले तर

मिळवलेले क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात आणि जास्तीत जास्त सात वर्षे वापरता येतात. पहिल्या वर्षाचे किमान ४० क्रेडिट आणि वर ४ क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम पूर्ण केला तर प्रमाणपत्र घेऊन थांबता येते. दोन वर्षांनी, ८० क्रेडिट आणि असाच कौशल्य अभ्यासक्रम झाल्यावर, पदविका मिळते. तीन वर्षांच्या आत परत येऊन एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. घरची अडचण, लग्न किंवा ऊसतोडीचे स्थलांतर यामुळे थांबणाऱ्यांसाठी ही तरतूद महत्त्वाची आहे. पण परीक्षाच दिली नाही तर क्रेडिट जमा होत नाहीत. सोडायचेच असेल तर चालू सत्राची परीक्षा देऊन सोडा.

मुरुड तीन विद्यापीठांच्या वाटेवर

लातूर जिल्हा १९९४ साली स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे आहे. धाराशिव जिल्हा छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे, तर बार्शी सोलापूर विद्यापीठाकडे आहे. मुरुडच्या मुलाने लातूरचे कॉलेज घेतले तर विद्यापीठ तेच राहते, टी.सी. आणि दोन्ही कॉलेजांची ना-हरकत एवढ्यावर बरेचसे काम होते. धाराशिव किंवा बार्शीला गेल्यास विद्यापीठ बदलते. मग नांदेडहून स्थलांतर प्रमाणपत्र, नव्या विद्यापीठाची पात्रता आणि आधी शिकलेल्या विषयांची समतुल्यता लागते. विषय जुळले नाहीत तर काही पेपर पुन्हा द्यावे लागू शकतात. एसटीच्या सोयीवर कॉलेज निवडण्याआधी हा हिशेब करा.

शिष्यवृत्तीचे नियम आधी वाचा

सर्वात जास्त नुकसान येथे होते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना, म्हणजे नवबौद्धांनाही, अडीच लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असल्यास भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. या योजनेच्या अटींनुसार राज्य शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय विषय किंवा संस्था बदलली तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते, दिलेली रक्कमही परत मागता येते. वर्षाच्या मध्येच शिक्षण सोडले तरी वसुली होऊ शकते.

दुसरी अट अशी : एक टप्पा उत्तीर्ण झाल्यावर त्याच टप्प्याचा दुसरा अभ्यासक्रम घेतला, उदाहरणार्थ बी.ए. झाल्यावर बी.कॉम., तर शिष्यवृत्ती मिळत नाही. म्हणून शाखा बदलायची असेल तर पदवी पूर्ण होण्याआधी, शक्यतो पहिल्याच वर्षानंतर बदला.

बदल ठरला की कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागाला आणि समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या लातूर कार्यालयाला लेखी कळवा. महाडीबीटीवरचा जुना अर्ज नव्या अभ्यासक्रमाला आपोआप लागू होत नाही. स्वाधार योजनेचा लाभ किंवा शासकीय वसतिगृह असेल तर तेथेही कळवा. राखीव जागेवर फार्मसी किंवा इंजिनिअरिंगला जायचे असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज बारावीतच करून ठेवा.

फी आणि मूळ कागदपत्रे

यूजीसीच्या ऑक्टोबर २०१८ च्या परताव्याच्या नियमांचा पाया प्रवेशाची जाहीर केलेली अंतिम तारीख हा आहे :

- अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केल्यास १०० टक्के परतावा, थोडे प्रक्रिया शुल्क वजा करून
- अंतिम तारखेला १५ दिवसांपेक्षा कमी उरले असताना ९० टक्के
- अंतिम तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के
- १६ ते ३० दिवसांत ५० टक्के
- त्यानंतर काहीच नाही

मूळ गुणपत्रक व टी.सी. पाहून परत द्यावेत, अडकवून ठेवू नयेत, असेही यूजीसीने सांगितले आहे. कोणी अडवले तर वाद घालत बसू नका; लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

जवळ ठेवायचे कागद

- प्रवेश पावती, सर्व सत्रांची गुणपत्रके
- कायम नोंदणी क्रमांक आणि क्रेडिट बँकेचा क्रमांक
- जातीचा व उत्पन्नाचा दाखला
- महाडीबीटी अर्जाची प्रत, आधारशी जोडलेल्या खात्याची माहिती
- दिलेल्या प्रत्येक अर्जाची शिक्का मारलेली पोच

टी.सी. हातात पडताच नाव, जन्मतारीख आणि जातीची नोंद शाळेच्या दाखल्याशी ताडून पाहा. एका अक्षराची चूक पुढे वैधता समितीपुढे त्रास देते.

कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे : प्रवेशाचे महिने आणि वर्षावास जवळपास एकाच काळात येतात. संध्याकाळी ग्रंथवाचनाला लोक विहारात जमतातच. आठवड्यातून एक दिवस अर्धा तास या प्रश्नांसाठी ठेवा, अर्ज लिहून द्या, तारखा फळ्यावर लिहा. ज्यांनी कॉलेज सोडले आहे पण घरी सांगितलेले नाही, अशा मुलामुलींपर्यंत आधी पोहोचा. सात वर्षांची मुदत त्यांच्यासाठीही आहे.

जय भीम!